उरणच्या वाटेवरचं इंग्रजी

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर उभं राहून समोर पाहिलं, की पाण्यापलीकडे निळसर डोंगराची एक रेघ दिसते. तिथंच आमचं उरण. जिल्हा रायगड, शेजारचं मोठं गाव पनवेल. तिन्ही बाजूंना खाडी आणि समुद्र, मधे भातशेती, मिठागरं आणि आता जिकडेतिकडे कंटेनर!

इथं यायच्या वाटा तीन. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल आली आणि त्याच दिवशी शिवडीहून येणारा सुमारे बावीस किलोमीटरचा अटल सेतूही सुरू झाला. त्या आधीची, जुनी वाट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदरात येणारी लाँच. माझं ऐकाल तर पहिल्यांदा लाँचनंच या. फक्त भरती-ओहोटी विचारून निघा. ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्याशी गाळ उघडा पडतो आणि लाँचला टेकायला पाणी पुरत नाही. त्यामुळे आमच्या लाँचचं वेळापत्रक घड्याळापेक्षा चंद्राला जास्त मानतं!

लाँच सुटली, की डाव्या हाताला तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप दिसतं, त्याच्यामागे घारापुरीचे दोन डोंगर. आणि सगळीकडे नांगर टाकून उभी असलेली जहाजं. तुम्ही डेकवर उभे राहा आणि जहाजांच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचा. वर जहाजाचं नाव, खाली ते ज्या बंदरात नोंदलेलं आहे त्याचं नाव. पनामा. मोनरोव्हिया. माजुरो. एखाद्या तेलवाहू जहाजाच्या पांढऱ्या भिंतीवर माणसाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'नो स्मोकिंग'.

वाचलंत? आता खरं सांगा. 'नो स्मोकिंग' वाचल्यावर तुम्ही मनात 'नो म्हणजे नाही, स्मोकिंग म्हणजे धूम्रपान करणे' असं म्हणालात का? नाही ना! पाहिलं आणि कळलं. मधे मराठी आलीच नाही.

मी उरण तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा सोडून गेलेली मुलं-मुली रस्त्यात भेटली, की दहातली आठ एकच तक्रार करतात. "बाई, इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं, पण बोलायला गेलं की तोंड उघडत नाही. आधी मराठी वाक्य डोक्यात येतं. त्याचं इंग्रजी करेपर्यंत समोरचा दुसरं काहीतरी बोलायला लागतो." तुमच्यातल्याही पुष्कळांची हीच रड असणार. म्हणून म्हटलं, उरण हिंडता हिंडता याच प्रश्नाकडे बघू या. कारण आमच्या गावात त्याचं उत्तर जागोजागी सांडलेलं आहे.

आधी हे असं का होतं ते पाहू. एक साधं वाक्य घ्या. 'मी काल आईबरोबर लाँचनं मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला गेले.' या वाक्यात 'गेले' हा शब्द कुठे आहे? सगळ्यात शेवटी. इंग्रजीत काय होतं? 'आय वेंट...' दुसऱ्याच शब्दाला क्रियापद हजर! म्हणजे भाषांतर करून बोलणाऱ्याला पूर्ण मराठी वाक्य शेवटपर्यंत मनात म्हणावं लागतं, शेपूट हातात आलं की ते धरून उलटं यावं लागतं, ते पुढे जोडावं लागतं, आणि मग कुठे इंग्रजीतला दुसरा शब्द तोंडातून निघतो. बिचारा अडखळणार नाही तर काय करील? तो मठ्ठ नसतो, दुप्पट काम करत असतो.

शिवाय काही गोष्टी अशा, की त्यांचं भाषांतर केलं तर फजितीच होते. आपण घरातून बाहेर पडताना काय म्हणतो? "येतो हं!" 'जातो' म्हणणं अशुभ, म्हणून जातानाही 'येतो'. आता एखाद्या परदेशी पाहुण्याचा निरोप घेताना 'आय ॲम कमिंग' म्हणून निघून गेलात, तर तो दाराकडे बघत बसेल की! 'मला दोन भाऊ आहेत' यातला 'मला' इंग्रजीत टिकत नाही, तिथं 'आय हॅव' म्हणावं लागतं. आणि आपल्याकडे पाऊस पडतो. इंग्रजीत 'इट इज रेनिंग'. हा 'इट' कोण, ते इंग्रजांनाही विचारू नका. तो असतो. बस्स.

तुमच्या आजोबांच्या कपाटात कदाचित तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' असेल. महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या त्या पुस्तकांवर इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य द्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं, इंग्रजीचं मराठी करायचं. ही माणसं अर्ज, कायदे, वर्तमानपत्रं सफाईनं वाचत-लिहीत. त्या पुस्तकांना नावं ठेवण्याची आपली टाप नाही. पण लिहिताना हातात वेळ असतो. बोलताना समोरचा माणूस थांबलेला असतो, आणि तो फार तर दोन सेकंद थांबतो. पोहण्याचं पुस्तक पाठ करणं वेगळं आणि करंजाच्या खाडीत उडी मारणं वेगळं.

बरं, भाषांतर न करता दुसरी भाषा बोलणं हे काही जगावेगळं नाही. मोऱ्याला उतरून रिक्षानं उरणच्या बाजारात या आणि नुसते कान उघडे ठेवा. मासळीवाल्या मावशी शेजारणीला विचारतात, "जेवलास कं?" आगरी-कोळ्यांची ही बोली. इथं पाणी 'पानी' होतं, घोडा 'घोरा' होतो, आई-बाप 'आयस-बापूस' होतात. तेवढ्यात एक गिऱ्हाईक येतं, ट्रेलरवरचा उत्तरेकडचा ड्रायव्हर. मावशी लगेच हिंदीत भाव सांगतात. त्यांचा मुलगा शाळेत माझ्याशी पुस्तकातली मराठी बोलतो आणि मधल्या सुट्टीत पुन्हा आगरी. तीन भाषा! यातलं भाषांतर कुणी कुठल्या वहीत केलं होतं? हिंदी तर आपण शाळेत शिकायच्या आधीच टीव्हीवरून उचललेली असते. म्हणजे तुमच्या डोक्याला ही युक्ती येते. फक्त इंग्रजीची पाळी आली, की आपण परीक्षेला बसल्यासारखे ताठ होतो.

(जाता जाता एक सांगते. घरची बोली अशुद्ध आहे असं कुणी म्हटलं, तर मुळीच ऐकू नका. जो दोन बोलींत सहज ये-जा करतो, त्याला तिसरी वाट लवकर सापडते, हा माझा वर्गातला अनुभव आहे.)

आता चला बंदराकडे. न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. आत तुम्हाला सोडणार नाहीत, पण त्या उंचच उंच क्रेन लांबूनही दिसतात. त्या धक्क्याला लागणाऱ्या जहाजावर कप्तान ग्रीक असू शकतो, सुकाणूवरचा खलाशी फिलिपिन्सचा, इंजिनखोलीत रत्नागिरीचा कुणी, आणि जहाजाला वाट दाखवायला बंदरातून चढलेला पायलट भारतीय. चौघांच्या चार मातृभाषा. चुकून 'डावीकडे' ऐवजी 'उजवीकडे' ऐकलं, तर काय होईल सांगा! म्हणून जहाजांवर ठरावीक, आखीव इंग्रजी बोलतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००१ साली अशा वाक्यांचा एक संग्रहच मंजूर केला. त्यातली सुकाणूची भाषा मला फार आवडते.

पायलट म्हणतो, "पोर्ट फाइव्ह." पोर्ट म्हणजे जहाजाची डावी बाजू, फाइव्ह म्हणजे पाच अंश. सुकाणूवरचा खलाशी मोठ्यानं तेच परत म्हणतो, "पोर्ट फाइव्ह!" आणि म्हणता म्हणता त्याचे हात चाक फिरवतात. "मिडशिप्स!" सुकाणू मधोमध. "हार्ड अ स्टारबोर्ड!" उजवीकडे, अगदी टोकापर्यंत. ऐकायचं, उच्चारायचं, करायचं. या तिघांच्या मधे भाषांतराला शिरायला फटच ठेवलेली नाही. आणखी एक गंमत पाहा. ऐकू आलं नाही, तर गप्प राहायचं नाही आणि घाबरायचंही नाही. सरळ म्हणायचं, "से अगेन." चूक झाली, तर "मिस्टेक" म्हणून "करेक्शन" म्हणायचं आणि बरोबर ते सांगायचं. एवढी मोठमोठी जहाजं हाकणारी माणसं दिवसभर 'परत सांगा' म्हणतात. मग आपल्याला कसली लाज?

मी हा खेळ वर्गात आणला. मैदानावर खडूनं जहाज काढलं. एक जण पायलट, एक जण सुकाणूवर, बाकीचे सगळे जहाज. पायलट 'पोर्ट' म्हणाला की सुकाणूवाल्यानं 'पोर्ट' ओरडायचं आणि अख्ख्या जहाजानं डावीकडे वळायचं. पहिल्या दिवशी जहाज तीनदा भिंतीवर आपटलं. चौथ्या दिवशी पोरं डोळे मिटून वळत होती. मग हुकूम वाढवले. 'वॉक टु द विंडो.' 'टच द ग्रीन डोअर.' 'गिव्ह युअर बॉटल टु समवन टॉलर दॅन यू.' या शेवटच्या हुकमाला वर्गात केवढी धावपळ उडाली म्हणून सांगू! पण 'टॉलर दॅन'चा अर्थ कुणालाही सांगावा लागला नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना तर लिहायला लावण्याआधी असंच पळवावं, या मताची मी आहे. शरीरानं शिकलेलं जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञालाही महत्त्वाचं वाटलं होतं. हुकूम ऐकून हालचाल करत भाषा शिकायची त्याची पद्धत जगभर वापरतात. आमच्या सुकाणूवाल्यांना ती आधीपासून येत होती, एवढंच!

जहाजांवरून आठवलं. एक मुलगा होता, पोलंडच्या कुटुंबातला, जन्म १८५७ चा. त्याला पोलिश येई, फ्रेंच येई. १८७८ मध्ये, विशीत, तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा इंग्रजी जेमतेम चार शब्द. किनाऱ्यालगत कोळसा वाहणाऱ्या एका गलबतावर त्याला खलाशाचं काम मिळालं आणि तिथल्या रांगड्या खलाशांच्या तोंडून तो इंग्रजी शिकला. दोर ओढता ओढता, शिडं बांधता बांधता. १८८४ साली हा मुंबईत आला होता बरं का! आपल्या याच बंदरातून 'नार्सिसस' नावाच्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून निघाला. पुढे तो इंग्रजीतला थोर कादंबरीकार झाला. त्याचं नाव जोसेफ कॉनरॅड. आणि ऐका, एवढा मोठा लेखक, पण त्याच्या बोलण्यातली पोलिश लकब शेवटपर्यंत गेली नाही. उच्चार 'साहेबासारखा' येत नाही म्हणून तोंड बंद ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

हा विषय मला इतका जवळचा का वाटतो, तेही सांगायला हवं. जिथं आज कंटेनर एकावर एक रचलेत, तिथं पूर्वी शेतं आणि मिठागरं होती. जमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. जासईला त्यांचं स्मारक आहे. उरणला आलात तर तिथं थांबा. त्या शेतकऱ्यांची नातवंडं आज याच बंदराच्या आसपास कामं शोधतात. आणि कितीदा तरी त्यांची वाट अडते ती मुलाखतीच्या पाच मिनिटांत.

माझी एक जुनी विद्यार्थिनी. करंजाची, घरी मासेमारी. पदवी झालेली, हिशेबात पक्की. एका कचेरीत मुलाखतीला गेली. पहिलाच प्रश्न काय, तर "इथं आलीस कशी?" एवढंच, इंग्रजीत. ती सांगत होती, "बाई, माझ्या डोक्यात आलं, 'करंजाहून सहा आसनी रिक्षानं.' मग सहा आसनीला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवत बसले. तोवर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. तोही हुकला." नोकरी गेली. 'बाय ऑटो' या दोन शब्दांना ती वर्गात कधीच अडली नसती.

मग ती शनिवारी दुपारी माझ्याकडे येऊ लागली. आम्ही व्याकरणाचं पुस्तक उघडलं नाही. ते तिला माझ्याइतकंच येत होतं. आम्ही एक साधा नेम केला. मराठी वाक्य मनात यायच्या आत तोंड उघडायचं, मग ते कितीही छोटं निघो. 'बाय ऑटो.' 'फ्रॉम करंजा.' 'व्हेरी हॉट टुडे.' तुकड्यातुकड्यांनी. शब्द अडला, की माहीत असलेल्या शब्दांनी त्याला वळसा घालायचा. जाळं दुरुस्त करायच्या लाकडी सुईला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, तर ती म्हणाली, "द थिंग माय फादर यूजेस टु रिपेअर द नेट." शाबास! कळलं की सगळ्यांना! घरी मासे निवडतानाही ती स्वतःशी पुटपुटायची. 'नाउ आय कट द टेल. नाउ आय वॉश इट.' तिची आजी म्हणे काळजीत पडली, पोरीला काय झालं म्हणून.

आणि रोज संध्याकाळी ती रस्त्याकडेच्या ओट्यावर बसून ट्रेलरवरच्या कंटेनरचे नंबर मोठ्यानं वाचायची. हा खेळ तुम्हीही करा, पण रस्त्यापासून लांब बसून. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरं असतात, चौथं अक्षर बहुतेक 'यू'. पुढे सहा आकडे आणि मग चौकोनात एकटा सातवा. तो सातवा आकडा आधीच्या अक्षर-आकड्यांवरून गणितानं काढलेला असतो, नंबर टिपताना चूक झाली तर पकडता यावी म्हणून. ट्रेलर पुढून निघून जायच्या आत अकराही अक्षरं-आकडे म्हणायचे. 'सत्तेचाळीस' असं मनात म्हणून त्याचं 'फोर सेव्हन' करायला गेलात, तर ट्रेलर जासईला पोहोचलेला असेल! जहाजांवरही दीडशे म्हणायचं असेल, तर 'वन, फाइव्ह, झीरो' असं सुटं सुटंच म्हणतात.

सात-आठ महिन्यांनी ती पुन्हा मुलाखतीला गेली, दुसरीकडे. आज ती एका यार्डाच्या गेटवर कागद तपासते. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, 'ही डोन्ट' आणि 'ही डझन्ट'मधे अजून कधीमधी गडबडते." मी म्हटलं, "मग?" तर म्हणाली, "मग काही नाही. करेक्शन म्हणते आणि पुढे जाते."

उरणला आलाच आहात, तर पिरवाडीचा किनारा बघून जा. सुट्टीच्या दिवशी तिथं ओल्या वाळूत क्रिकेट रंगतं. बॉल पायाला लागतो आणि सगळी टोळी एका दमात ओरडते, "हाऊज दॅट!" क्रिकेटच्या नियमांनुसार कुणी अपील केल्याशिवाय अंपायर बाद देत नाही, आणि हे दोन शब्द बाद होण्याच्या सगळ्या प्रकारांना चालतात. पोरांना हे सगळं माहीत असतं. पण 'हाऊज दॅट'चं मराठी काय, असं विचारा. 'ते कसं आहे?' हसतील तुम्हाला!

दुसरा एक दिवस घारापुरीसाठी ठेवा. एलिफंटा केव्ह्ज म्हणून जग जिला ओळखतं, ती घारापुरी उरण तालुक्यातच येते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. बंदराजवळ दगडी हत्ती सापडला म्हणून पोर्तुगीजांनी तिला हे नाव दिलं. तो हत्ती आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारसा आहेत. सुमारे साडेपाच मीटर उंचीचं ते तीन मुखांचं शिवशिल्प पाहायला जगभरचे लोक येतात. सोमवारी मात्र लेणी बंद, लक्षात ठेवा. बेटावर शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर अशा तीन वस्त्या. समुद्राखालून केबल टाकून तिथं वीज पोहोचली ती २०१८ मध्ये. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना माळा, टोप्या, दगडी हत्ती विकणाऱ्या बायका बसतात. त्यांतल्या एकीला मी एका गोऱ्या बाईशी बोलताना ऐकलं. भाव, रंग, 'मेड हिअर', 'नॉट प्लास्टिक', 'टच अँड सी', 'लास्ट प्राइस'. वाक्य एकही पुरं नव्हतं आणि अडखळणंही कुठे नव्हतं. दोघी हसत होत्या. माळ विकली गेली. मी मावशींना विचारलं, कुठे शिकलात? त्या म्हणाल्या, "शिकाला कं झालंय? ती बोलते, मी आयकते. रोजचाच हाय."

परत जाताना उरणहून लोकल पकडा. गाडीत घोषणा होतात त्या आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. पुढील स्टेशन, अगला स्टेशन, नेक्स्ट स्टेशन. खिडकीजवळ बसा, द्रोणागिरीचा डोंगर मागे पडू द्या, आणि नेरूळ येईपर्यंत पहिल्या दोन घोषणा कानाआड करून फक्त तिसरी ऐकायचा प्रयत्न करा. सोपं नाही हं ते! किती स्टेशनांवर जमलं, ते मला पत्रानं जरूर कळवा.